वरचा सूर्यभान

३ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून पुन्हा डायरी. मागच्या वेळी लग्नसराई लागली आणि बंद पडली. या वेळी कसलीही सबब चालणार नाही. मोठ्या पदावर गेल्यावर माणसाला आधीचं काही आठवत नाही, असं बघितलंय. म्हणून लिहून ठेवायचं. कोणाला दाखवायचं नाही. शिवकन्येला तर मुळीच नाही. बायको आहे, तिला सगळं असंही कळतं.

बातमी: शेवडगाव नगरपरिषदेची निवडणूक लागली. नगराध्यक्ष थेट जनतेतून. सीट ओपन.

गावाची हालत लिहवत नाही. नळाला बारा दिवसांनी पाणी. बाजारतळावर तीन वर्षांपूर्वी पाण्याची मोठी टाकी बांधली, तिच्यात आजपर्यंत तांब्याभर पाणी चढलेलं नाही. वर कबुतरं नांदतात. खालचा पाइप कशालाच जोडलेला नाही, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. अध्यक्ष परमेश्वररावांनी उद्घाटन केलं तेव्हा माईक माझा, सूत्रसंचालन माझं. मी त्यांना भगीरथ म्हणालो होतो. तो धंद्याचा भाग झाला.

भ्रष्टाचाराची मला मनापासून चीड आहे. आज चहा पिताना फार आली.

५ नोव्हेंबर

दादा उभा राहतोय. अपक्ष. काल मारुतीच्या पारावर जाहीर केलं. टाकीचा पैसा कुठे गेला ते बाहेर काढणार आणि टाकीत पाणी चढवणार, एवढे दोनच मुद्दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. माईकशिवाय बोलला. मला सांगितलं असतं तर भाऊ म्हणून फुकट दिला असता.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. नावही एकच, त्याची कथा अशी. आमचे आजोबा सूर्यभान ढगे. ते वारले त्या साली दोन्ही सुना दिवसांत होत्या. मोठीमायला, म्हणजे थोरल्या चुलतीला, मुलगा झाला. आठवड्याभराने मी झालो. आजा गेला की नातवात परत येतो, म्हणून तिने आजोबांचं नाव ठेवलं. माझी आई म्हणाली, सासरा काय तिच्या एकटीचाच होता का? तिनेही तेच ठेवलं. तेव्हापासून एका वाड्यात सूर्यभान थोरला आणि सूर्यभान धाकला.

थोरला हेडमास्तर होऊन रिटायर झाला. माझं स्वरगंगा साउंड सर्व्हिस. तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या आवाजात लागलीत. तरी गावात सूर्यभान म्हटलं की मास्तर. मी पाहिजे असलो तर सूर्यभान माईकवाला म्हणावं लागतं. त्याला काही जोडावं लागत नाही.

आजोबा माझ्यात आलेत याबद्दल मला शंका नाही. त्यांचाही आवाज मोठा होता.

७ नोव्हेंबर

अनपेक्षित. बजरंगशेठ, नगरपरिषदेची कामं घेणारे गुत्तेदार, घरी आले. पहिल्यांदाच. पांढरी गाडी गल्लीत मावेना, तरी आणली.

म्हणाले, मास्तर सज्जन माणूस, पण लय कडक. शहराला आवाज पाहिजे. भ्रष्टाचाराविरुद्ध उभं राहायला छाती लागते, आणि ती छाती गावात एकाचीच आहे. बोलताना माझ्याकडेच बघत होते.

क्षणभर शंका आली, की टाकी तर यांनीच बांधली. मी स्पष्टवक्ता. विचारलंच. शेठ अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, म्हणूनच तर मला आतून माहीत हाय की भ्रष्टाचार कसा आसतोय. हे पटलं. चोरवाटा माहीत असलेला माणूस आपल्या बाजूने असलेला बरा.

मी म्हणालो, दादा उभा आहे, कसं दिसेल? ते म्हणाले, दोन भाऊ दोन बाजूंनी भ्रष्टाचाराला घेरणार. गनिमी कावा. डिपॉझिटचं ते बघणार आहेत.

शिवकन्येने चहात साखर टाकली नाही. विसरली असेल.

१० नोव्हेंबर

अर्ज भरला. अपक्ष. ढगे सूर्यभान किशनराव. साहेबांनी अर्ज वाचून माझ्याकडे बघितलं, मग यादीकडे, मग परत माझ्याकडे. प्रभाव पडतो माणसाचा.

घरी आल्यावर शिवकन्या म्हणाली, तुमाला अध्यक्ष व्हायचंय का सूर्यभान व्हायचंय, ते एकदा ठरवा. बायकांना राजकारण कळत नाही.

संकल्प: १) रोज पहाटे उठून फिरणे व लोकांना भेटणे. २) गुटखा बंद. ३) टाकीवर आक्रमक भूमिका.

१२ नोव्हेंबर

सकाळी उठायला आठ वाजले. परभणीची थंडी, माणूस काय करणार. लोक भेटले नाहीत, सगळे कापूस वेचायला गेलेले. निदान बाहेर तर पडलो.

१४ नोव्हेंबर

प्रतिसाद जबरदस्त. ताडकळसच्या पाहुण्यांचा फोन: अभिनंदन, तुमीच पाहिजे होते, आता टाकीवाल्यांची खैर न्हाई. छाती भरून आली. शेवटी म्हणाले, मास्तर, तब्येतीला जपा. रेंज नव्हती, म्हणून दुरुस्त करता आलं नाही.

चौकातही दोघांनी पाया पडून सांगितलं की आमचं अख्खं घर सूर्यभानला. कोणता ते मी विचारलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही.

लेकीला, साक्षीला म्हटलं, मोबाइलवर माझं पोस्टर कर, कॉलेजात शिकवतात ना. तिने केलं. ‘सूर्यभान किशनराव ढगे (माईकवाले)’. कंसातलं काढ म्हणालो. ती म्हणाली, बाबा, मग लोकांना कसं कळंल? मी म्हणालो, कळण्याची गरज नाही. हे वाक्य आत्ता लिहिल्यावर वेगळंच वाटतंय. थकवा.

१७ नोव्हेंबर

मोठीमाय आली. काठी टेकत. तिला आताशा दिसत नाही फारसं. उंबऱ्यावरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

म्हणाली, तू झालास तवा तुझी माय तापानं फणफणलेली. दोगं बी माझ्याच अंगावर पिलाव. एकाला डावीकडं, एकाला उजवीकडं. आता लोक दोगांची झुंज लावून मजा बघायलेत, आन तू बघू द्यायलास. थोरल्याला पडू दे, त्याचं काय न्हाई. पर तुझ्यामुळं पडला तर मी कोनाला शिव्या देऊ?

तिने हात पुढे केला. मी हातात हात दिला. अर्ज काढतो म्हणालो. खरंच म्हणालो. शेवटची तारीख एकवीस, दुपारी तीनपर्यंत.

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बजरंगशेठना फोन करून निर्णय सांगितला. वाटलं होतं भडकतील. उलट शांत. म्हणाले, माय ती माय. तुमचा निर्णय तुमचा. फक्त एकवीसला सकाळी येलदरीला जाऊ, धरणावर मासे खाऊ, तीनच्या आत तुमाला हापिसात आणून सोडतो. मोठ्या मनाचा माणूस. लोक उगीच काहीबाही बोलतात.

२१ नोव्हेंबर

सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक विपर्यास करतील.

सकाळी निघालो. गाडीत शेठ, ड्रायव्हर आणि मी. माणूस बोलका. आमच्या गल्लीची चौकशी केली. मीही सहज सांगितलं, की नळाला पाणी नसलं की अख्खी गल्ली दादाच्या बोअरचं पाणी भरते, आमच्या घरीही तेच येतं, आणि लोक त्याला मानतात ते त्या पाण्यामुळे. शेठ म्हणाले, आसं हाय व्हय. माझा फोन त्यांनी चार्जिंगला लावायला घेतला. काळजी.

धरण काठोकाठ. हेच पाणी आमच्या टाकीत यायचं होतं. बघत बसलो. एवढं पाणी बघितलं की काहीतरी बोलावंसं वाटतं, पण शेठ समोर होते.

मासे यायला उशीर. मी दोनदा म्हणालो, निघायला पाहिजे. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणालो. दोन वाजता ताट आलं. पहिल्याच घासाला काटा घशात. भाताचे गोळे गिळले, केळं गिळलं, जाईना. शेठ पाठीवर थापा मारत होते. ड्रायव्हर डिझेल टाकायला गेला तो गेलाच. समोरून एसटी गेली. हात केला असता तर थांबली असती. पण घशात काटा असताना हात कसा करणार?

घड्याळाकडे बघत होतो. मिनिटकाटा पुढे सरकला की मोठीमायचा हात आठवायचा, आणि खरं लिहायचं तर आत कुठेतरी गारही वाटत होतं. तीन वाजून गेले आणि काटा आपोआप उतरला. ड्रायव्हरही आला.

देवाच्याच मनात नव्हतं. नाहीतर मी अर्ज काढलाच होता.

२२ नोव्हेंबर

शिवकन्या बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट जोरात ठेवते. तिला काट्याचं सांगितलं. ती साक्षीला म्हणाली, तुझ्या बापाला म्हणावं, एवढ्या मोठ्या माणसाला काट्यानं आडवलं, मग गुत्तेदाराला कसा आडवनार?

गल्लीत दादा समोर आला. मी काट्याची हकिगत सुरू केली. त्याने ऐकून घेतली नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, धाकल्या, आता उभाच हाईस तर टाकीवर बोल. तुझा आवाज मोठा हाय. माझं कुनी नाही ऐकलं तरी तुझं ऐकतील. मग मी पडलो तरी चालंल.

हे म्हणणारा माणूस आतून किती राजकारणी असेल! तरी मी शब्द दिला. टाकीवर बोलायचंच.

२४ नोव्हेंबर

चिन्हवाटप. दादाने बादली घेतली, पाण्याचा माणूस ना. मला शेठनी आधीच सांगून ठेवलं होतं, टोपली मागा. शेतकऱ्याचं चिन्ह. मिळाली. छापील चित्रात बादली आणि टोपली जुळ्या बहिणी दिसतात, दोन्हींना वर कडी. योगायोग.

खरी बातमी पुढे. यादीत नावं अक्षरांच्या क्रमाने. दोघांचंही ढगे सूर्यभान, पण माझा बाप किशनराव, त्याचा माणिकराव. क आधी, म नंतर. मी वर! दादा खाली!

जन्मात पहिल्यांदा. घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’ म्हणून थोरला वर, धाकला खाली. क्रम चुकला तर भावकीत काठ्या निघतात, मी माईकवर वाचतो, मला माहीत आहे. पन्नास वर्षं माझं नाव मला चष्म्याशिवाय सापडतं. दादाचं शोधायचं आणि त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवायचं. आता सरकारनेच मला वर बसवलं.

घरी येऊन सांगितलं. शिवकन्या दादाच्या बोअरवर पाणी भरायला गेली.

२६ नोव्हेंबर, सभा

जाहीर सभा. माझाच साउंड. भाषण पाठ. तीन मुद्दे, तिन्ही टाकीचे: पाइप का जोडला नाही, टाकी कोणी बांधली, सही कोणाची. दोन दिवस बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. शब्द म्हणजे शब्द.

समोर गर्दी बऱ्यापैकी. उभा राहिलो. मागे कडेला दादा येऊन उभा होता. पहिल्या खुर्चीवर बजरंगशेठ, मांडीवर शाल. मी म्हणालो, बंधूंनो, आपल्या गावात एक टाकी आहे. शेठनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. गोड हसले.

मी म्हणालो, ती टाकी म्हणजे मन. भ्रष्टाचार बाहेर नसतो, तो मनाच्या टाकीत असतो. आधी ती टाकी रिकामी केली पाहिजे!

मागून कोणीतरी ओरडलं, ती तर रिकामीच हाय की वो!

खूप हशा. सभा जिवंत होती याचा पुरावा. दादा होता तिथे नंतर बघितलं तर नव्हता.

विचार करता हेच योग्य. व्यक्तिगत टीका नको. पुढच्या सभेत थेट बोलेन.

२७ नोव्हेंबर

पुढची सभा रद्द. शेठ म्हणाले, गरज न्हाई, तुमचं काम झालंय. निवडणूक व्हायच्या आधीच काम झालं, म्हणजे वातावरण किती अनुकूल असेल.

२८ नोव्हेंबर

भीमनगरात प्रचार. धम्मशीलाताई भेटल्या. रिटायर नर्स, निम्म्या गावाला इंजेक्शनं टोचलेली बाई. मलाही. घरोघर जाऊन लोकांना सांगत होत्या, दोन सूर्यभान आहेत, वरचा नव्हे, खालचा. खालच्या सूर्यभानचं बटन. म्हाताऱ्यांकडून तीनतीनदा म्हणवून घेत होत्या.

मी म्हणालो, ताई, हे नीतीला धरून नाही. त्या म्हणाल्या, भाऊ, तुमच्या घरात आज कोणाचं पाणी आहे? मी म्हणालो, तसं बघितलं तर भूगर्भाचं. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

खालचा म्हणजे मास्तर! आयुष्यभर मी खालचा होतो तेव्हा कोणी घरोघर सांगत फिरलं नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी गल्लीत बोंबाबोंब. दादाच्या बोअरच्या मोटारीची केबल कापलेली. तीन ठिकाणी. नळ यायला अजून आठवडा. बाया घागरी घेऊन उभ्या. मोठीमाय ओट्यावर बसून कोणाला तरी शिव्या घालत होती, नाव न घेता.

मी म्हणालो, उंदीर असतील. शिवकन्या इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, उंदीर इळा घेऊन फिरतेत व्हय? आन बोअरचं त्या उंदराला कुनी सांगितलं?

मला येलदरीच्या रस्त्यावरची गाडी आठवली. पण गाडीत माणूस दहा गोष्टी बोलतो. ऐकणाऱ्याने काय करावं ते बोलणाऱ्याच्या हातात नसतं.

दुपारी अध्यक्ष परमेश्वररावांचा टँकर आला, त्यावर त्यांचा फोटो. लोकांनी पाणी भरलं. तहानलेला माणूस फोटो बघत नाही. शिवकन्या तिथे गेली नाही. घरात पिण्याचा एकच हंडा उरला होता, दादाच्या बोअरचा. मी त्यातलं अर्धंच फुलपात्र घेतलं. निषेध म्हणून.

शेठना फोन केला. चांगलं झापायचं ठरवलं होतं. त्यांनी उचलला नाही. आठ वेळा. नंतर बिझी.

१ डिसेंबर

झोप नाही. मध्येच असं वाटलं, की सकाळी पारावर जाऊन माईक लावावा आणि सगळं सांगून टाकावं. येलदरी, केबल, टोपली. वरचं बटन दाबू नका म्हणावं. साउंड घरचाच आहे. वाक्यंही जुळली होती. पण प्रचाराची मुदत काल संपली. आता बोललो तर आचारसंहितेचा भंग होतो. मी नियमाने चालणारा माणूस.

एक दिवस आधी सुचलं असतं तर नक्की केलं असतं.

२ डिसेंबर, मतदान

इस्त्रीचा पांढरा ड्रेस. केंद्रावर दादा होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला, फोटोवाल्याने काढला. मोठीमायला दोन बाया धरून आणत होत्या. बूथमध्ये म्हाताऱ्यांना वेळ लागतो, पण ती झटकन बाहेर आली. चेहऱ्यावर समाधान.

मी आत गेलो. चष्मा खिशात राहिला, बाहेर रांग, काढत कुठे बसू. सूर्यभान ढगे दिसलं. सवयीने बोट बरोबर जागेवर गेलं. लाल दिवा लागला, लांब शिटी वाजली. स्वतःला मत देताना माणसाला भरून येतं हे आज कळलं.

बाहेर लोक भेटत होते. म्हातारे-म्हाताऱ्या हात वर करून सांगत होते, सूर्यभान, सूर्यभान. गुलाल लागणार. भाषणाची सुरुवात ठरली: हा विजय माझा नाही.

३ डिसेंबर

निकाल. परमेश्वरराव पुन्हा अध्यक्ष. दादा एकशे सदुसष्ट मतांनी पडला. मला चारशे अकरा.

दादाची बेरीज दोन मिनिटांत झाली. सगळ्या मंडपाची झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायला बाहेर आलो, तिथे पाणी नव्हतं.

तरी चारशे अकरा लोक! हे विसरता कामा नये. पार्टी नाही, पैसा नाही, केवळ सूर्यभान या नावावर.

दुपारी मिरवणूक गल्लीत आली. डीजे परभणीचा, माझा नव्हता. दादाच्या दाराला कुलूप. मिरवणूक माझ्या दारात थांबली. बजरंगशेठ गाडीतून उतरले, माझ्या गळ्यात हार घातला, कपाळाला, गालाला, डोक्याला गुलाल फासला आणि म्हणाले, खरा विजय तुमचा. माझं वाक्य ते उलटं बोलले. मी केबलचं विचारायला तोंड उघडलं तर तोंडात पेढा. डीजेत कोणाला काही ऐकू गेलं नसतं. साक्षी आत निघून गेली. शिवकन्येने दार लावून घेतलं. मी बाहेर.

४ डिसेंबर

गुलाल निघत नाही. पाणी नाही घरात.

मनाशी ठरवलं, की चारशे अकरातले निदान दहा जण शोधायचे. माझे. त्यांच्या जिवावर पुन्हा उभं राहता येईल. सकाळपासून फिरलो.

साक्षी म्हणाली, काकांना. शिवकन्येला विचारायची हिंमत झाली नाही, तिने न विचारता सांगितलं. चौकातले ते पाया पडणारे दोघे भेटले. एकाने माझ्याकडे बघून थुंकलं. दुसरा रडवेला झाला, म्हणाला, मला वाटलं मास्तरचीच बादली. धम्मशीलाताईंच्या भीमनगरात मला चार मतं. चार! बाकी सगळी आमच्या जुन्या गावठाणातली. जिथे सगळे दोन्ही सूर्यभानांना लहानपणापासून ओळखतात तिथली.

हे कोडं सुटेना. दादाच्या घरी गेलो. दादा केबल जोडत होता, मान वर केली नाही. मी खाली बसलो आणि वायरचं दुसरं टोक धरलं. त्याने धरू दिलं. मला वाटतं त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठीमाय ओट्यावर. गुलाल दिसला असावा, नाहीतर वास आला असावा. म्हणाली, माझा थोरला का पडला रे? मी तर बराबर दाबलं हुतं. कडीवाली दोन चित्रं हुती, दोन सूर्यभान. वरचं दाबलं. थोरला वर आसतोय, धाकला खाली. मला वाचता येत न्हाई, पर येवढं कळतं. गल्लीतल्या समद्या बायांना बी मीच सांगितलं, वरचं दाबा.

दादाचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. तिला कोणी काही सांगितलं नाही. मीही नाही.

म्हणजे चारशे अकरा लोकांनी दादालाच मत दिलं. लग्नपत्रिकेसारखं. थोरला वर.

घरी आलो आणि एकदम आठवलं. परवा बूथमध्ये चष्मा नव्हता. सूर्यभान ढगे दिसलं आणि बोट सवयीने गेलं. सवय काय आहे माझी? दादाचं नाव शोधायचं आणि त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवायचं.

खालचं बटन.

गावात जाणूनबुजून मला मत देणारा एकच माणूस होता, तो मीच, आणि त्यानेही दादाला दिलं. बराच वेळ हसू येत होतं. मग नाही आलं. दादाला जाऊन सांगावं का, की माझं मत तुला होतं, तत्त्व म्हणून? सुरुवातीचं वाक्यही सुचलं. नाही सांगितलं. आज नको.

संध्याकाळी दारात कोणी हाक मारली. सेलूचा माणूस, जिनिंगवाला, मुलीच्या लग्नाला माईक ठरवायला आलेला, पण मला ते नंतर कळलं. त्याने विचारलं, सूर्यभानराव इथंच ऱ्हातेत का?

मी म्हणालो, शेजारच्या घरात. मी माईकवाला.